तेवीस नंबरची खाच

"आता हे जोडता कोणाला येतंय, काकू?" पुतण्या म्हणाला. तो मला विचारत नव्हता, कळवत होता. गणपती तोंडावर आले होते, आमच्या चौलच्या घराच्या पडवीत तो चहा पीत बसला होता, आणि माळ्यावर जुन्या चादरींत बांधून ठेवलेल्या लाकडी मखराचं काय करायचं हे त्याचं ठरून गेलं होतं. त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले दीर, यंदाच्या शिमग्यानंतर गेले. मखर तेच जोडायचे. ते गेले म्हणजे मखरही गेलं, इतका सोपा हिशेब.

काशीदला त्याचं होमस्टे आहे. तिथे पुढच्या खोलीत हे मखर उभं करायचं, आत झुला टांगायचा आणि पाहुण्यांनी त्यावर बसून फोटो काढायचे. ह्याला म्हणे सेल्फी पॉइंट म्हणतात. मी म्हटलं, "म्हणजे बाप्पा बसतात तिथे बर्म्युडा घातलेला माणूस बसणार."

"काकू, वस्तू वापरात राहिली पाहिजे."

"मग तुझ्या आईची पैठणी पण नेऊन पडदा कर."

तो हसला. मी विनोद केला असं त्याला वाटलं. आमच्या ह्यांनी मान डोलावली. ह्यांची मान कोणीही काहीही बोललं की डोलते, एरवी मी ते मनावर घेत नाही. त्या दिवशी घेतलं. कारण "जोडता कोणाला येतंय" ह्या प्रश्नाचं उत्तर त्याच पडवीत, त्याच्या समोर, भाजी निवडायचं सूप मांडीवर घेऊन बसलं होतं, आणि मला एकदा विचारून बघावं हे दोघांपैकी कोणालाही सुचलं नाही.

मखर कसं आहे ते सांगते, म्हणजे माझा संताप कळेल. सागवानी आहे. चार खांब, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, वर कमान, कमानीला कातीव नक्षीची झालर. खिळा एकही नाही. खांबांना खाचा आहेत, पट्ट्यांच्या टोकांना जिभा आहेत. जीभ खाचेत सरकवायची आणि वरून लाकडी खुंटी ठोकायची. कोणती जीभ कुठल्या खाचेची हे कळावं म्हणून ज्याने केलं त्याने दोन्हीकडे पटाशीने एकच आकडा कोरलाय. आकडे रोमन. उभी रेघ, तिरपी रेघ, फुली. पटाशीला सरळ रेघ मारता येते, वळण घेता येत नाही, म्हणून असणार. आपला ५ कोणी सागवानात कोरून दाखवावा.

आणि आमच्या घरची रीत अशी की मखर पुसायचं बायकांनी आणि जोडायचं पुरुषांनी. माळ्यावरून तुकडे उतरले की आम्ही जावांनी अंगणात बसून खोबरेलात बुडवलेल्या फडक्याने एकेक तुकडा चकचकीत करायचा. वर्षाची धूळ, झुरळांची घाण, सगळं आमच्या नखांत. मग तो चकचकीत ढीग आत जायचा आणि दार लोटलं जायचं. आतून दिरांचा आवाज यायचा, "सहा आण. सात कुठाय? सात." जणू काही गुप्त मंत्र चाललाय. बायकांना आत यायला बंदी का, तर म्हणे धूळ उडते. जी धूळ आम्ही आत्ता पुसून बाहेर झटकली होती, ती.

ह्या घरात मी आले ती पालीहून, मॅट्रिक पास होऊन. तेव्हाची मी कशी होते ते आठवलं की मलाच मला एक चापट द्यावीशी वाटते. शाळेत रोमन आकडे शिकवले होते आणि ते आपल्याशिवाय कोणाला येत नाहीत अशी माझी समजूत होती. रुखवतातल्या उशांच्या अभ्र्यांवर मी रेशमाने I आणि II भरले होते. अभ्रे दोनच होते. चुकून तिसऱ्यात मिसळतील अशी काही भीती नव्हती. पण सासरी कळायला नको का, की मुलगी शिकलेली आहे.

तर पहिल्याच गणपतीला, तेलाचं फडकं हातात घेऊन, सगळ्या घरासमोर मी जाहीर केलं, "हे चुकलंय. नऊ असे लिहीत नाहीत." पट्टीवर कोरलं होतं VIIII. म्हणजे पाच आणि पुढे चार काड्या. "दहाच्या आधी एक काढायचा, IX. आणि हे चारसुद्धा चुकलेत. IV पाहिजे. करणारा शाळेत गेलेला दिसत नाही."

दिरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "धाकटे," ते म्हणाले, "उकडीचं पाणी उतू चाललंय, ते बघ."

मी उकड बघायला गेले. पाणी उतू जात नव्हतं. तिथे चुलीपाशी उभी राहून मी त्या करणाऱ्याला मनातल्या मनात नापास केलं, दिरांना तोंडी परीक्षेत नापास केलं, आणि स्वतःला पहिला नंबर दिला.

पुढच्या वर्षी पुन्हा अंगणात बसले होते. मांडीवर एक पट्टी होती, तिच्यावर XI, अकरा. एक बाजू पुसून झाली म्हणून पट्टी फिरवली, टोक इकडचं तिकडे झालं, आणि माझ्याकडे IX बघायला लागला. माझा शाळेतला, शुद्ध, पैकीच्या पैकी मार्कांचा नऊ. पुन्हा फिरवली, अकरा. पुन्हा फिरवली, नऊ. पट्टीला वरची बाजू नसते, खालची नसते. वहीला असते, पट्टीला नसते. नऊ जर माझ्या पद्धतीने कोरला असता, तर नऊ कुठला आणि अकरा कुठला हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. पाच आणि चार काड्या लिहिल्या की प्रश्न मिटतो. फुली आधी, मग पाच, मग काड्या. काडी आधी दिसली की समजायचं, तुकडा उलटा धरलाय. माझे कान गरम झाले. जाऊ शेजारीच बसली होती. तिने विचारलं, "काय गं, मुंगी चावली?" मी हो म्हटलं.

त्या दिवसापासून मी मखर पुसायची कमी आणि वाचायची जास्त. डावीकडच्या जोडांवर एकपासून नऊपर्यंत आकडे होते. उजवीकडे तेच, पण प्रत्येकाआधी एक फुली. डावीकडचा तीन, त्याच्या समोर उजवीकडे तेरा. डावीकडचा सहा, समोर सोळा. मधल्या कमानीला नुसती फुली, दहा. इतकं सगळं सरळ होतं, आणि ते घरात एका माणसाच्या डोक्यात कुलूप लावून ठेवलेलं होतं.

मग मला शाळेचाही राग यायला लागला. आम्हाला शिकवलं होतं की रोमन आकडे लिहिता येतात, पण त्यांत हिशेब करता येत नाही, म्हणून ते मागे पडले. मी परीक्षेत तसं लिहिलं होतं आणि मार्कही घेतले होते. कोणी करून बघितलं होतं का? मी बघितलं. माडाच्या झावळीचे हीर, ज्यांचा खराटा करतो, ते मोडून अंगणात मांडले. सात म्हणजे VII, आठ म्हणजे VIII. बेरीज करायची तर दोन्ही ढीग नुसते एकत्र ढकलायचे. दोन पाच झाले, त्यांची एक फुली. पाच काड्या झाल्या, त्यांचा एक पाच. XV, पंधरा. हातचा घ्यायला नको, पाढा यायला नको. वजाबाकी करायची तर जे द्यायचं ते ढिगातून उचलायचं. कमी पडलं तर एक फुली मोडून दोन पाच करायचे. दुप्पट करायची तर तेच दुसऱ्यांदा मांडायचं. माझ्या सासूबाईंना लिहिता येत नव्हतं, पण त्यांना हे दाखवलं असतं तर दुपारच्या आत आलं असतं. मी दाखवलं नाही. मला तेव्हा ते फक्त मला येतं ह्याची गंमत जास्त होती. दिरांपेक्षा मी वेगळी नव्हते, फक्त माझ्याकडे दार लोटायला खोली नव्हती.

एका वर्षी जोडणी अडली. आत बराच वेळ ठोकाठोक चालली, मग दिरांचा आवाज चढला, "अरे तीन आहे ना? मग बसत कसा नाही?"

मी दाराबाहेरून म्हटलं, "तीन नसेल. फुलीत मळ भरलाय, नखाने खरवडून बघा. तेरा असेल."

आतून नखाने खरवडल्याचा आवाज आला. मग खुंटी ठोकल्याचा आवाज आला. बरोबर बसलेली खुंटी वेगळी वाजते, भरीव. संध्याकाळी आरतीला आलेल्या लोकांना दीर सांगत होते, "जरा अडलं होतं, पण माझ्या लक्षात आलं." मी प्रसाद वाटत होते. त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा जरा लहानच ठेवला.

आणि आता त्यांचाच मुलगा मला सांगत होता, हे जोडता कोणाला येतंय.

माझी नात गणपतीच्या सुट्टीला पनवेलहून आली होती, पाचवीत आहे. तिला घेऊन माळ्यावर चढले. आमचे हे खालून म्हणत राहिले, "अगं पडशील." मी म्हटलं, "पडले तर झेला." तुकडे उतरवले, पुसले, आणि दार सताड उघडं ठेवून जोडायला बसले.

नातीने पहिलीच पट्टी उचलली आणि म्हणाली, "आजी, हे चुकलंय. चार असे नसतात. बाई चूक देतात."

उशांचे अभ्रे भरणारी ती मुलगी साक्षात माझ्यासमोर फ्रॉक घालून उभी होती. मी तिला उकड बघायला पाठवलं नाही. अकरा नंबरची पट्टी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "फिरव." तिने फिरवली. पुन्हा फिरवली. मग म्हणाली, "मग हे बाईंना का माहीत नाही?"

"बाईंनी मखर पुसलं नसेल."

तिला सगळं यायला जेवणाची वेळसुद्धा झाली नाही. ती तुकडे निवडून द्यायची, मी ठोकायचे, हे खांब धरून उभे होते. धरून उभं राहण्याचं काम हे फार चांगलं करतात. संध्याकाळपर्यंत मखर उभं राहिलं. जरासुद्धा डुगडुगलं नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी पुतण्या आला. मखर बघून दारातच थांबला. मला वाटलं, आता ह्याला काहीतरी वाटेल. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि पुढून व्हिडिओ घेतला. "मस्त, काकू. म्हणजे उभं राहतं हे. माझी चिंताच मिटली. विसर्जन झालं की टेम्पो पाठवतो."

माझ्या हातातला हातोडा खाली ठेवायला मला थोडा वेळ लागला. जे जोडता येत नाही म्हणून तो नेत होता, ते मी जोडून दाखवल्यावर तो जास्तच खुशीने नेत होता. "नाही न्यायचं," मी म्हटलं. "इथलं आहे ते."

"बाबांचं होतं ना, काकू? म्हणजे आता माझंच." आणि ह्यांच्याकडे बघितलं. मान डोलली.

पाच दिवस मी आरत्या म्हटल्या, पण माझं लक्ष टाळांत नव्हतं. ज्या तुकड्यांवर माझी नखं झिजली, ते बाबांचे. बरं. गौरीबरोबर बाप्पा समुद्रात गेले, मखर रिकामं झालं, आणि मी नातीला म्हटलं, "पटाशी आण."

मी काय केलं ते सांगते. खांबांवरच्या खाचांना हात लावला नाही. फक्त जिभांवर, प्रत्येक आकड्याच्या आधी, एक फुली कोरली. दोन घाव, झालं. सगळ्या जिभा दहाने वाढल्या. डाव्या बाजूचा एक आता अकरा म्हणवून उजवीकडे जाणार, म्हणजे डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात, नक्षी भिंतीकडे तोंड करून बसणार. आणि उजवीकडच्या तेराचे झाले तेवीस. तेवीसची खाच ह्या मखराला नाहीच. आपल्या आकड्यांत तेराचे तेवीस करायचे तर आधीचा एक तासून काढावा लागला असता आणि चोरी दिसली असती. रोमन आकड्यांत नुसती भर घालायची असते. मागे पडले म्हणे ते आकडे. नवे घाव पांढरे दिसत होते, त्यांवर तेलात चुलीची राख कालवून चोळली. नात अंगणात पहारा देत होती. ती म्हणाली, "आजी, देवाच्या वस्तूवर असं चालतं?" मी म्हटलं, "देव गेलेत. विचारायचं तर पोहत जावं लागेल."

टेम्पो आला, तुकडे घेऊन गेला. मी स्वतः चादरी बांधून दिल्या. इतकी खुशीत मी बऱ्याच दिवसांत नव्हते.

माझी खुशी टिकली ती फोन येईपर्यंत. "काकू, तेवीस नंबरची खाच कुठाय?"

"मला काय विचारतोस? बाबांचं आहे ते."

"काकू, मस्करी नको. सुतार सकाळपासून बसलाय. एक बाजू बसवली तर नक्षी मागे गेली. आता तो म्हणतो, जुने आकडे सोडून द्या, मी पटाशीने नव्या खाचा पाडतो आणि स्क्रू मारतो."

हे मला सुचलंच नव्हतं. मला वाटलं होतं, अडतील, दमतील, परत पाठवतील. कोणी सागवानाला स्क्रू मारेल हे माझ्या हिशेबातच नव्हतं. आयुष्यभर स्वतःला हुशार समजायची सवय, ती काही जात नाही. मीच त्यांच्या हातात पटाशी दिली होती. "त्याला म्हणावं हात काढ," मी म्हटलं. "एक भोक पाडलंस तर मी तुझ्या दारात येऊन बसेन. सगळं टेम्पोत घाल आणि इकडे आण. इथे बसून बघू."

पलीकडे तो सुताराशी काहीतरी बोलला. मग म्हणाला, "आणतो, काकू. तसंही त्याचा अंगठा कापलाय."

दुसऱ्या दिवशी टेम्पो अंगणात लागला. पुतण्या उतरला तो गंभीर तोंड करून. पडवीत येऊन ह्यांच्याजवळ बसला आणि म्हणाला, "काका, मला वाटतं बाबांच्या आत्म्याला पटलं नाही. पहिलाच घाव घातला आणि सुताराचा अंगठा. बाबाच अडवतायत."

आमच्या ह्यांची मान डोलणार एवढ्यात मी म्हटलं, "आत्मा नाही. मी."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. गप्प राहिले असते तर मखर आत्म्याच्या नावावर ह्याच घरात राहिलं असतं, हे मला कळत होतं. पण माझ्या दिरांनी हयातभर श्रेय घेतलं, आता मेल्यावरही घ्यायचं, हे मला सहन होईना. मी टेम्पोतून एक पट्टी काढली आणि नखाने राख खरवडून दाखवली. "ही फुली माझी आहे. प्रत्येक जिभेवर आहे. दहा जास्त केलेत."

तो पट्टीकडे बघत राहिला. "म्हणजे सगळ्यांतून दहा काढले की झालं?"

"झालं."

आता तो टेम्पो तसाच मागे फिरवू शकत होता. सगळं त्याला मीच सांगून बसले होते. टेम्पोवाला स्टिअरिंगवर बसून ऐकत होता, तो म्हणाला, "काकी, उतरवू का न्हाय ते सांगा. मला भाडं हाय पुढचं."

पुतण्या म्हणाला, "उतरव. तिकडे तसाही काल एक पोरगा बोलावून भिंतीवर पंख रंगवून घेतले. लोक मध्ये उभे राहून फोटो काढतात. बरे येतात."

म्हणजे एकोणीस जोडांचं सागवान आणि भिंतीवरचे दोन पंख, ह्याच्या लेखी एकच. माझी हुशारी, माझी चोरी, माझं खरं बोलणं, काहीच लागलं नव्हतं त्याला. पंख स्वस्तात झाले म्हणून मखर राहिलं. मला इतका राग आला की आनंद व्हायला जागाच उरली नाही.

तुकडे उतरायला लागले. एक खांब खांद्यावर घेता घेता त्याने विचारलं, "पण काकू, तुमच्यानंतर? अजून कोणाला येतं हे?"

"हिला येतं," मी नातीकडे बोट केलं.

"हिला शिकवून काय उपयोग? ही उद्या लग्न होऊन जाणार."

मी म्हटलं, "मीही लग्न होऊनच आले होते."

माझी नात टेम्पोत चढली होती. ती वरून म्हणाली, "काका, त्या खांबाला सातची खाच आहे, आत डावीकडे ठेव." त्याने खांब आत नेला आणि डावीकडे ठेवला.